केंद्रकस्नेही प्रतियोजन अभिक्रिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीला हॅलोजन डेरिव्हेटिव्हजचा धडा सुरू झाला की ही अभिक्रिया भेटते. पुढे बीएस्सी करा, एमएस्सी करा किंवा औषधाच्या कारखान्यात लागा, ती सोबत राहतेच. बरेच विद्यार्थी ती तक्ता करून पाठ करतात: डावीकडे एसएन१, उजवीकडे एसएन२ (एसएन म्हणजे ‘सबस्टिट्यूशन, न्यूक्लिओफिलिक’; या अभिक्रियेच्या या दोन वाटा). तक्त्यावर पेपर निभावतो, पण चंबूत काय होईल ते त्यावरून कळत नाही. चंबूत सगळ्या वाटा एकाच वेळी खुल्या असतात आणि जी सर्वांत वेगवान असते तिचा पदार्थ जास्त हाती येतो. खालची उत्तरे हीच गोष्ट धरून लिहिली आहेत.

या अभिक्रियेत नेमके काय घडते?

एका कार्बनवर क्लोरीन, ब्रोमीन किंवा आयोडीनसारखा गट बसलेला असतो. तो बंधातले दोन्ही इलेक्ट्रॉन घेऊन निघून जातो आणि त्याच्या जागी इलेक्ट्रॉनची जोडी देऊ शकणारा दुसरा गट येतो. येणारा तो न्यूक्लिओफाइल, म्हणजे केंद्रकस्नेही. हायड्रॉक्साइड, सायनाइड, अझाइड, अमोनिया, थायोलेट, इतकेच काय साधे पाणीसुद्धा हे काम करते. जाणाऱ्याला खालच्या उत्तरांत ‘जाणारा गट’ म्हटले आहे.

एसएन१ म्हणजे एक पायरी आणि एसएन२ म्हणजे दोन पायऱ्या ना?

नाही. सर्वांत जास्त चुका इथेच होतात, कारण प्रत्यक्षात जवळपास उलटे आहे. एसएन२ एकाच पायरीत उरकते, तर एसएन१ ला निदान दोन पायऱ्या लागतात. आकडा पायऱ्यांचा नसून वेग ठरवणाऱ्या पायरीत किती रेणू भाग घेतात त्याचा आहे. ही नावे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात काम करणाऱ्या ह्यूज आणि इंगोल्ड यांनी १९३०च्या दशकात रूढ केली.

एसएन२ मध्ये न्यूक्लिओफाइल मागच्या बाजूने येतो आणि तो जोडला जात असतानाच समोरचा गट सुटत असतो. म्हणून दोघांपैकी कोणाचीही संहती दुप्पट केली की वेग दुप्पट होतो. एसएन१ मध्ये आधी गट सुटतो आणि मागे धनप्रभारित कार्बन, म्हणजे कार्बोकॅटायन, उरतो. ही पायरी मंद असते. त्यानंतर जो न्यूक्लिओफाइल सापडेल तो पटकन चिकटतो. मंद पायरीत न्यूक्लिओफाइल नसतोच, त्यामुळे तो कितीही ओतला तरी वेग वाढत नाही.

दिलेला रेणू कोणत्या वाटेने जाईल हे कसे ओळखावे?

आधी कार्बन पाहा. एसएन२ मध्ये मागची बाजू मोकळी हवी. इथाइल हॅलाइडचा वेग १ धरला, तर मिथाइलचा सुमारे ३० आणि आयसोप्रोपिलचा साधारण ०.०२५ येतो. तृतीयक कार्बनवर (ज्याला तीन कार्बन जोडलेले असतात; दोन असतील तर द्वितीयक, एक असेल तर प्राथमिक) ही वाट बंदच समजावी. एसएन१ ला कार्बोकॅटायन टिकायला हवा, म्हणून तिथे तृतीयक पुढे आणि साधा प्राथमिक जवळपास अशक्य. अलाइल आणि बेंझिल हॅलाइड दोन्ही वाटांनी झपाट्याने जातात.

खरी अडचण द्वितीयक कार्बनची असते. तिथे निर्णय न्यूक्लिओफाइल आणि द्रावक मिळून घेतात. अझाइड किंवा सायनाइड डीएमएफमध्ये (डायमिथाइलफॉर्मामाइड या द्रावकात) असेल तर एसएन२, नुसते पाणी किंवा अल्कोहोल असेल तर एसएन१ कडे कल, आणि तीव्र आम्लारी असेल तर प्रतियोजन राहते बाजूला, अल्कीन (दुहेरी बंधाचे संयुग) मिळते.

निओपेंटाइल ब्रोमाइड तर प्राथमिक आहे, मग ते का अडते?

हॅलोजनचा कार्बन प्राथमिक आहे खरा, पण त्याला लागूनच तीन मिथाइल घेऊन बसलेला कार्बन आहे आणि तो मागची वाट अडवतो. इथाइलच्या तुलनेत वेग सुमारे एक लाख पटींनी कमी पडतो. जबरदस्तीने आयनीकरण घडवले, तर मिथाइल गट सरकून तृतीयक कार्बोकॅटायन बनतो आणि सांगाडाच बदललेला पदार्थ मिळतो. एसएन१ चा प्रश्न सोडवताना शेजारच्या कार्बनवरून हायड्रोजन किंवा मिथाइल सरकून अधिक स्थिर कार्बोकॅटायन होतो का, हे प्रत्येक वेळी तपासावे. २-ब्रोमो-३-मिथिलब्युटेन पाण्यात गरम केले तर मुख्यतः २-मिथिलब्युटेन-२-ऑल मिळते ते याचमुळे.

एसएन२ मध्ये विन्यास उलटतो याला पुरावा काय?

विन्यास म्हणजे कार्बनभोवतीच्या गटांची अवकाशातली मांडणी. वाऱ्याने छत्री उलटावी तसे कार्बनवरचे उरलेले तीन बंध पलीकडे वळतात. विन्यास उलटल्याचे पहिले चिन्ह रीगाच्या पॉल वाल्डेन यांना १८९६ मध्ये मॅलिक आम्लावर काम करताना दिसले. निर्णायक प्रयोग मात्र १९३५ चा, ह्यूज आणि सहकाऱ्यांचा. तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

त्यांनी प्रकाशीय क्रियाशील, म्हणजे ध्रुवित प्रकाशाचे प्रतल फिरवणारे (हे फिरवणे म्हणजे घूर्णन), २-आयोडोऑक्टेन ॲसिटोनमध्ये घेऊन त्यात किरणोत्सारी आयोडाइड टाकले. येणारा आयोडीन आणि जाणारा आयोडीन, म्हणजे पदार्थ तोच राहतो. किती रेणूंत अदलाबदल झाली ते किरणोत्सारावरून मोजता येते आणि किती उलटले ते घूर्णनावरून. घूर्णन कमी होण्याचा वेग अदलाबदलीच्या वेगाच्या बरोबर दुप्पट निघाला. उलटलेला प्रत्येक रेणू स्वतःचे घूर्णन तर गमावतोच, शिवाय न उलटलेल्या एका रेणूचे घूर्णन रद्दही करतो, म्हणून दुप्पट. निष्कर्ष स्वच्छ आहे: प्रत्येक अदलाबदलीत विन्यास उलटतो, एकदाही अपवाद नाही.

मग एसएन१ मध्ये ५०-५० रेसिमिक मिश्रण मिळते का?

पुस्तकात तसे, म्हणजे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेले दोन्ही प्रकार समसमान, लिहिलेले असते. प्रत्यक्षात बहुधा उलटलेला प्रकार थोडा जास्त भरतो. गट सुटला तरी तो क्षणात लांब जात नाही. कार्बोकॅटायनच्या एका बाजूला आयनयुग्म म्हणून रेंगाळतो आणि ती बाजू झाकतो. परीक्षेत ‘रेसिमीकरण’ लिहा, पण शंभर टक्के असे लिहू नका.

अल्कोहोल आणि सोडियम ब्रोमाइड एकत्र उकळले तर ब्रोमाइड का मिळत नाही?

हायड्रॉक्साइड जाणारा गट म्हणून फार वाईट आहे. जो आयन तीव्र आम्लाचा संयुग्मी आम्लारी असतो, म्हणजे आम्लाने प्रोटॉन दिल्यावर उरतो, तो सहज जातो: आयोडाइड, ब्रोमाइड, क्लोराइड, टोसिलेट. हायड्रॉक्साइड आणि अल्कॉक्साइड त्यात बसत नाहीत. म्हणून आधी आम्ल घालून ऑक्सिजनवर प्रोटॉन बसवतात, की मग पाणी होऊन तो गट निघून जातो. दुसरा मार्ग टोसिल क्लोराइड आणि पिरिडिनचा, त्याने अल्कोहोलचे टोसिलेट होते. या पायरीत कार्बन-ऑक्सिजन बंध तुटत नाही, विन्यास तसाच राहतो. तो उलटतो पुढच्या पायरीत, टोसिलेट निघून जाताना. उत्तरात उलटण्याची पायरी चुकीच्या जागी दाखवली की गुण गेलेच.

द्रावकाने इतका फरक पडतो का?

कल्पनेपेक्षा जास्त. १-ब्रोमोब्युटेन आणि अझाइड यांच्या अभिक्रियेचा वेग मिथेनॉलमध्ये १ धरा. डीएमएसओमध्ये तो सुमारे १३००, डीएमएफमध्ये २८००, ॲसिटोनायट्राइलमध्ये ५०००, तर एचएमपीएमध्ये २ लाखांवर जातो. मिथेनॉल आणि पाणी हायड्रोजन बंधांनी ऋण आयनाला वेढून ठेवतात. कार्बनवर चाल करण्याआधी त्याला हे वेष्टन सोडावे लागते. डीएमएफसारखे द्रावक धन आयनाला धरतात आणि ऋण आयन मोकळा ठेवतात.

हॅलाइडचा क्रमही यामुळेच पालटतो. पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये आयोडाइड सर्वांत चांगला न्यूक्लिओफाइल आणि फ्लोराइड सर्वांत वाईट, कारण छोट्या फ्लोराइडभोवती वेढा घट्ट बसतो. कोरड्या डीएमएफमध्ये क्लोराइड आयोडाइडला मागे टाकतो. ‘आयोडाइड सर्वोत्तम’ हे वाक्य द्रावकाचे नाव घेतल्याशिवाय अपुरे आहे.

एसएन१ ला मात्र पाण्यासारखा ध्रुवीय प्रोटिक (हायड्रोजन बंध देणारा) द्रावकच हवा, कारण सुटणाऱ्या दोन्ही आयनांना सांभाळायचे असते.

डीएमएफ वापरताना दोन गोष्टी पाहा. जुन्या बाटलीला मासळीसारखा वास येत असेल तर त्यात डायमिथाइलअमाइन तयार झाले आहे. ते स्वतःच न्यूक्लिओफाइल असल्याने तुमच्या हॅलाइडवर जाऊन नको असलेला अमाइन देते. दुसरे म्हणजे डीएमएफ १५३° से. ला उकळते, रोटाव्हेपवर (द्रावक उडवायच्या फिरत्या यंत्रावर) सहजी निघत नाही. अभिक्रिया संपल्यावर भरपूर पाणी घालून इथाइल ॲसिटेटने काढा आणि सेंद्रिय थर लिथियम क्लोराइडच्या ५% द्रावणाने दोन-तीनदा धुवा.

टर्ट-ब्युटाइल क्लोराइड कसे बनवतात? आमचे उत्पादन नेहमी कमी येते.

एसएन१ शिकवायला याच्याइतका सोपा प्रयोग नाही. गरमसुद्धा करावे लागत नाही. टर्ट-ब्युटाइल अल्कोहोल साधारण २५° से. ला गोठते, त्यामुळे थंडीत बाटलीत ढेकूळ झालेले आढळते. बाटली कोमट पाण्यात ठेवा, बर्नरवर धरू नका.

१० ग्रॅम अल्कोहोल आणि ३४ मि.ली. संहत हायड्रोक्लोरिक आम्ल सेपरेटिंग फनेलमध्ये घ्या, फ्यूम हूडमध्ये. आधी झाकण न लावता हलके फिरवा. मग झाकण लावून हलवा, फनेल उलटा धरून दर वेळी तोटी उघडा आणि दाब सोडा. असे अधूनमधून हलवत २० मिनिटे. नंतर स्थिर ठेवा. उत्पादिताची घनता सुमारे ०.८४, म्हणून ते वर तरंगते. खालचा आम्लाचा थर काढून घ्या.

वरचा थर ५% सोडियम बायकार्बोनेटच्या ८ मि.ली. द्रावणाने धुवा. इथे कार्बन डायऑक्साइड जोरात सुटतो; घाईने झाकण लावून हलवले तर झाकण उडते आणि अर्धा पदार्थ टेबलावर जातो. फेस बसेपर्यंत उघडे फिरवा. नंतर ८ मि.ली. पाण्याने धुवून २ ग्रॅम निर्जल कॅल्शियम क्लोराइडवर सुकवा. द्रव गढूळ दिसतो तोपर्यंत तो कोरडा नाही, हे लक्षात ठेवा. शेवटी गाळून ऊर्ध्वपातन करा आणि ४९ ते ५१° से. दरम्यानचा भाग गोळा करा.

सैद्धांतिक उत्पादन १२.५ ग्रॅम आहे. कमी येण्याची कारणे बहुधा ठरलेली असतात. आम्लाची बाटली जुनी, हायड्रोजन क्लोराइड उडून गेलेला. बायकार्बोनेटऐवजी सोडियम हायड्रॉक्साइड वापरले, त्यामुळे काही क्लोराइड आयसोब्युटिलीन होऊन उडाले. धुताना पाण्यासोबत फार वेळ ठेवले, तर पदार्थ परत अल्कोहोल होतो. धुणे झटपट उरका. आणि सर्वांत साधे कारण: इतक्या कमी उत्कलनांकाचा पदार्थ गोळा करताना भांडे बर्फात ठेवले नाही. एप्रिल-मेमध्ये तर त्यावाचून गत्यंतरच नाही.

१-ब्रोमोब्युटेन करताना कोणता थर आपला, हे दर वेळी चुकते. काय करावे?

गोंधळ होणे साहजिक आहे, कारण हा पदार्थ जागा बदलत राहतो. १७ ग्रॅम सोडियम ब्रोमाइड, १७ मि.ली. पाणी, १० मि.ली. १-ब्युटेनॉल घेऊन बर्फात थंड करा आणि १४ मि.ली. संहत गंधकाम्ल थोडे थोडे घाला. घाई केली तर गंधकाम्ल ब्रोमाइडचे ब्रोमीन करते आणि मिश्रण तपकिरी होते. मग तासभर रिफ्लक्स (वाफ थंड करून परत चंबूत आणत उकळणे).

रिफ्लक्सच्या चंबूत खालचा थर मीठ आणि आम्लाने जड झालेला असतो, म्हणून १.२७ घनतेचे ब्रोमाइड वर दिसते. ऊर्ध्वपातनानंतर पाण्याने धुताना तेच खाली जाते. उरलेले ब्युटेनॉल आणि डायब्युटाइल ईथर काढायला थंड संहत गंधकाम्लाने धुता, त्याची घनता १.८४, तेव्हा ब्रोमाइड पुन्हा वर. पुढच्या पाण्याच्या धुण्यात पुन्हा खाली. शंका आली की थराचा एक थेंब परीक्षानळीतल्या पाण्यात टाका: मिसळला तर पाण्याचा थर, थेंबच राहिला तर आपला. आणि उत्पादित वजन करून बाटलीत भरेपर्यंत एकही थर बेसिनमध्ये ओतू नका.

सिल्व्हर नायट्रेट आणि सोडियम आयोडाइडच्या चाचण्या कशा वाचायच्या?

इथेनॉलमधले २% सिल्व्हर नायट्रेट एसएन१ दाखवते. २ मि.ली. द्रावणात नमुन्याचा एक थेंब टाका. तृतीयक, अलाइल किंवा बेंझिल हॅलाइड असेल तर लगेच अवक्षेप येतो. द्वितीयक आणि प्राथमिकला गरम करावे लागते. क्लोराइडचा पांढरा, ब्रोमाइडचा फिकट पिवळसर, आयोडाइडचा पिवळा.

ॲसिटोनमधले १५% सोडियम आयोडाइड एसएन२ दाखवते. आयोडाइड ॲसिटोनमध्ये विरघळतो, सोडियम क्लोराइड आणि ब्रोमाइड विरघळत नाहीत, म्हणून ते खाली बसतात. प्राथमिक ब्रोमाइड तीन मिनिटांत अवक्षेप देते. तीन मिनिटांत काहीच आले नाही तर ५०° से. पाण्यात सहा मिनिटे ठेवून पाहा. प्राथमिक क्लोराइड आणि द्वितीयक ब्रोमाइड तेव्हा दिसतात.

ब्रोमोबेंझिन दोन्ही नळ्यांत स्वच्छ राहते. सगळ्याच नळ्यांत पांढरे दिसायला लागले तर नमुन्याला दोष देण्याआधी नळ्या पाहा: नळाच्या पाण्यातला क्लोराइडच सिल्व्हर नायट्रेटला पांढरे करतो. नळ्या शेवटी डिस्टिल्ड वॉटरने धुवा. आयोडाइडच्या चाचणीत नेमके उलटे बिघडते, ओल्या नळीत सोडियम क्लोराइड विरघळून जातो आणि खरा अवक्षेपही दिसत नाही.

न्यूक्लिओफाइलचा एसएन१ च्या वेगाशी संबंध नाही हे कॉलेजात दाखवता येईल का?

अगदी सहज. कोरड्या ॲसिटोनमध्ये टर्ट-ब्युटाइल क्लोराइडचे ०.१ मोलर द्रावण करा. एका नळीत ते ३ मि.ली. घ्या. दुसरीत ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ०.३ मि.ली., पाणी ६.७ मि.ली. आणि ब्रोमोथायमॉल ब्ल्यूचे दोन थेंब. एकदम मिसळून घड्याळ चालू करा. १०% क्लोराइड संपले की सुटलेल्या आम्लाने सगळा हायड्रॉक्साइड संपतो आणि निळा रंग पिवळा होतो. वेगस्थिरांक म्हणजे ०.१०५ भागिले लागलेले सेकंद.

आता हायड्रॉक्साइड दुप्पट, ०.६ मि.ली., आणि पाणी ६.४ मि.ली. घ्या. रंग बदलायला २०% क्लोराइड संपावे लागते. या वेळी भागायचा आकडा ०.२२३. वेळ दुपटीहून थोडा जास्त लागतो, वेगस्थिरांक तोच येतो. तापमान १०° से. ने वाढवले तर वेग सुमारे तिप्पट होतो, म्हणून दोन्ही नळ्या एकाच पाण्यात ठेवून मगच मिसळा. ॲसिटोन ओला असेल तर क्लोराइड बाटलीतच फुटत राहते आणि तासाभराने आकडे जुळत नाहीत.

ईथर करायला गेलो आणि वायू निघून गेला. का?

तृतीयक हॅलाइडवर अल्कॉक्साइड टाकले असेल. टर्ट-ब्युटाइल क्लोराइड आणि सोडियम मेथॉक्साइड घेतले की आयसोब्युटिलीन मिळते. हवे असलेले ईथर मिळवायला बाजू बदला: टर्ट-ब्युटॉक्साइड आणि मिथाइल आयोडाइड. विल्यमसन पद्धतीत, जी १८५० ची आहे, हॅलाइडची बाजू नेहमी सडपातळ ठेवावी. ॲनिसोलसाठीही फिनॉक्साइड आणि मिथाइल आयोडाइडच. मेथॉक्साइड आणि ब्रोमोबेंझिन कितीही उकळा, काही मिळत नाही.

द्वितीयक हॅलाइडवर इथॉक्साइड टाकले तरी अल्कीनच जास्त येते. प्रतियोजन हवे असेल तर असा न्यूक्लिओफाइल घ्या जो आम्लारी म्हणून दुबळा आहे: अझाइड, ॲसिटेट, थायोलेट. आणि उगाच तापवू नका. ८०% इथेनॉलमध्ये टर्ट-ब्युटाइल क्लोराइड २५° से. ला १७% अल्कीन देते, ६५° से. ला ३६%.

क्लोरोबेंझिन का हलत नाही?

मागची बाजू वलयाने झाकलेली, फिनाइल कॅटायन अस्थिर, आणि कार्बन-क्लोरीन बंध अनुनादाने बळकट. म्हणून फिनॉल करायला ६२३ केल्विन आणि ३०० वातावरण दाब लागतो. ऑर्थो आणि पॅरा जागी नायट्रो गट आले की चित्र पालटते: न्यूक्लिओफाइल आधी जोडला जातो, ऋणप्रभार नायट्रो गट सांभाळतात, मग हॅलोजन जातो. इथे वेग जोडण्याच्या पायरीवर ठरतो, त्यामुळे एरवी न जाणारा फ्लोराइड सर्वांत चांगला ठरतो. फ्रेडरिक सँगर यांनी इन्शुलिनमधला अमिनो आम्लांचा क्रम शोधताना २,४-डायनायट्रोफ्लोरोबेंझिन वापरले ते म्हणूनच. त्यांना १९५८ चे नोबेल मिळाले.

थायोनिल क्लोराइडने विन्यास उलटतो की तसाच राहतो?

पिरिडिन घातले तर उलटतो, कारण मोकळा क्लोराइड मागून येतो. पिरिडिन नसेल, डायऑक्झेनसारखे द्रावक असेल तर तसाच राहतो. प्रश्नात पिरिडिन लिहिले आहे का, तेवढे पाहा.

ही रसायने हाताळताना कोणती काळजी घ्यायची?

सोडियम अझाइडच्या अभिक्रियेत डायक्लोरोमिथेन द्रावक म्हणून कधीच नको, धुतानाही नको. ते स्वतः हॅलाइड आहे, त्यावर दोनदा प्रतियोजन होऊन डायअझिडोमिथेन तयार होते आणि ते स्फोटक आहे. अझाइड किंवा सायनाइडच्या पाण्यात आम्ल पडता कामा नये. एकातून हायड्रॅझोइक आम्ल सुटते, दुसऱ्यातून हायड्रोजन सायनाइड, दोन्ही प्राणघातक. बेंझिल ब्रोमाइडचा थेंबभर वाफारा डोळ्यांतून पाणी काढतो.

मिथाइल आयोडाइड आणि डायमिथाइल सल्फेट यांच्याबाबत विशेष जागरूक राहा. शरीरातली प्रथिने आणि डीएनए हे नायट्रोजन आणि गंधकाने भरलेले न्यूक्लिओफाइल आहेत आणि मिथाइल कार्बन सर्वांत उघडा, त्यामुळे एसएन२ तुमच्या पेशींतच सुरू होते. डायमिथाइल सल्फेटला वास जवळपास नसतो आणि त्रास काही तासांनी सुरू होतो, म्हणून ‘काही झाले नाही’ असे समजून घरी जाऊ नका. लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टरांकडे जा. वापरलेली काच सौम्य अमोनियाच्या द्रावणात बुडवून ठेवा. संहत अमोनिया नको, तो जोरात भडकतो. सौम्य द्रावणात अमोनिया न्यूक्लिओफाइल होऊन मिथाइल स्वतःवर घेतो.